टॅबस्टॉप आणि व्याहीभेट

घोडनदीला, म्हणजे सरकारदरबारी ज्याला शिरूर म्हणतात त्या गावी, आमचे बिऱ्हाड पिठाच्या गिरणीच्या वर होते. माझ्या तरुणपणाच्या आठवणींवर जी पांढरट धूळ दिसते ती काळाची नसून बाजरीची आहे, हे आधीच सांगून ठेवते. सकाळी गिरणीचा पट्टा सुरू झाला की फडताळातल्या कपबश्या किणकिणू लागत आणि भिंतीवरचा आरसा थरथरू लागे. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दाढी करताना आपला चेहरा स्थिर असा कधी दिसलाच नाही. ते हायस्कुलात हिंदी शिकवत आणि घरी मौन पाळत. आई दोघांच्या वाटचे बोलत असे. आईकडून जे उरे ते माझी थोरली बहीण सुलभा, म्हणजे ताई, बोलून टाकी. माझ्या वाट्याला शब्द येईपर्यंत जेवणे उरकलेली असत. पुढे मी संस्कृत घेऊन एम.ए. झाले तेव्हा गावाला मुळीच आश्चर्य वाटले नाही. जी भाषा कुणाशी बोलावी लागत नाही ती हिने निवडली, एवढाच अर्थ लोकांनी काढला, आणि मला खेदाने मान्य केले पाहिजे की तो बरोबर होता.

घरात पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात शिरत असे आणि ते जाईपर्यंत बाहेर पडत नसे. आईने याचा व्यवहारी उपयोग करून घेतला होता. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी वळायला बसले की मान वर करावी लागत नाही, म्हणून शेंगोळी माझ्याकडे. लसूण, जिरे आणि हिरवी मिरची यांचा ठेचा घातलेल्या रश्श्यात ती रटरटू लागली की गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायका खालून ओरडत, "मास्तरीणबाई, आज पावनं हायेत वाटतं!" आई वरून उत्तर देई, "पावनं कसलं, धाकटी लाजतीय, दुसरं काय!" हा संवाद इतक्या वेळा झाला की गावात काही घरांमध्ये शेंगोळ्यांचा आणि माझ्या लाजरेपणाचा काही शास्त्रीय संबंध असावा असा समज पसरला होता. अजूनही हुलग्याचे पीठ हातात आले की माझी मान आपोआप खाली जाते. पन्नाशी उलटल्यावर, सगळ्यांचे लिहून झाल्यावर, मी हे लिहायला बसले आहे त्याचेही कारण बहुधा हेच असावे.

ताईचे तसे नव्हते. ती दौंडला एका शाळेत शिकवत असे आणि रेल्वे कॉलनीत एका कुटुंबाकडे राहत असे. कॉलनीतल्या नळाला पाणी यायची वेळ आणि वसंतरावांची सिग्नलखात्यातली पाळी सुटायची वेळ एकच होती, आणि त्यातून जे व्हायचे ते झाले. सुदैवाने चौकशीअंती जात एकच निघाली. त्यामुळे हे प्रेम होते ही गोष्ट दोन्ही घरांना लवकरच विसरता आली आणि जणू आपणच स्थळ शोधले अशा थाटात बैठक झाली. वसंतरावांचे वडील हयात नव्हते. त्यांच्या जागी चुलते होते. सगळा गोतावळा त्यांना आप्पा म्हणे. भीमेच्या काठी त्यांचा ऊस होता, दूध सोसायटीचे ते एकेकाळी व्हाईस चेअरमन होते आणि तो काळ संपला आहे ही बातमी त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचवलेली नव्हती.

लग्न ठरले, तिथी निघाली, आणि बैठकीच्या शेवटी आप्पांनी एक अट घातली. दोन्हीकडची मिळून पत्रिका एकच छापायची. ती मुलीकडच्यांनी छापायची. आणि 'आपले विनीत' या मथळ्याखाली नावे उतरतील ती व्याहीभेटीसारखी उतरली पाहिजेत. आमच्याकडे मंडपात व्याहीभेट होते तेव्हा मामा मामाला भेटतो, चुलता चुलत्याला भेटतो. एकमेकांना टॉवेल-टोपी देऊन, गळामिठी मारून, मानाला मान जुळवून घेतात. आप्पांचे म्हणणे असे की कागदावरही मामासमोर मामाच आला पाहिजे, एका ओळीत, एका उंचीवर. वराचे वडील नसल्याने पहिल्या ओळीत डावीकडे स्वतः आप्पा आणि त्यांच्या समोर नाना. "आमचं मानूस मंडपात जरा बी खाली बसत न्हाई," आप्पा म्हणाले, "मग कागदावर कशापायी बसंल?" नानांनी मान डोलावली. ते कशालाही डोलावत असत. आत शेंगोळ्यांशी मी होते आणि मलाही ही अट निरुपद्रवी वाटली. ओळी सरळ छापणे यात कठीण काय, असे तेव्हा वाटले. माणसे सरळ करण्यापेक्षा ते सोपे असावे, अशी माझी कल्पना होती.

पत्रिकेचे काम दत्तोबांकडे गेले, कारण त्या वेळी मी तिथेच चिकटले होते. तहसील कचेरीसमोर दत्तोबांची टायपिंगची शिकवणी होती. काळाची पावले ओळखून त्यांनी टाइपरायटर मागच्या भिंतीशी चादरीखाली झोपवले होते आणि पुढच्या टेबलावर संगणक बसवला होता. 'बसवला' म्हणजे अक्षरशः बसवला. त्याला लेस लावलेले पांघरूण होते, सकाळी उदबत्ती होती, आणि दुकानात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. याबाबतीत गावातल्या देवळाचे धोरण अधिक सैल होते. मला तिथे ठेवण्याचे कारणही दत्तोबांनी उघड सांगितले होते, "बाई, तुमी बोलत न्हाई. गिऱ्हाइकाच्या अॅफिडेव्हिटातलं बाहेर जात न्हाई." माझ्या लाजरेपणाची जाहीर कदर झाली ती आयुष्यात तेवढीच.

तर दत्तोबांनी मला चार रकाने दाखवले. वराकडचे नाव, त्याचा हुद्दा, मग वधूकडचे नाव, त्याचा हुद्दा. "मधी जागा सोडायची तर काय करायचं?" मी विचारले. "स्पेस मारा, स्पेस," ते म्हणाले, "येवढं लांब बटन कंपनीनं उगंच दिलंय व्हय?" या युक्तिवादाला तोड नव्हती. दत्तोबांची सारी हयात टाइपरायटरवर गेली होती आणि तिथे किडकिडीत 'र'ला आणि धिप्पाड 'ज्ञ'ला मोजून सारखीच जागा मिळत असे. त्यामुळे स्पेस मोजल्या की रकाने जुळत. संगणकावरची अक्षरे मात्र आपापल्या अंगलटीप्रमाणे जागा घेतात. कुणाचे नाव 'रघू', कुणाचे 'ज्ञानेश्वरबुवा'. त्यांच्यापुढे कितीही मोजून स्पेस मारल्या तरी पुढचा रकाना एका रेषेत येणे शक्य नसते. हे मला आज कळते. तेव्हा मी पडद्याला नाक लावून एकेक स्पेस घालत आणि काढत बसले, पडद्यावर रांग सरळ दिसली, आणि प्रिंटरमधून जो कागद बाहेर आला त्यात आमच्याकडची माणसे भीमेच्या पात्रासारखी वळणे घेत खाली उतरली होती.

आप्पा पाटस, चौफुला, न्हावरा असे करत येणाऱ्या एसटीने दौंडहून येत. पांढरे धोतर, पांढरी टोपी, आणि येताना वाट वाकडी करून यवतला मेव्हण्याकडे चहा झालेला. त्यांनी पहिला कच्चा कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "मास्तर, तुमची मानसं अशी का चालल्याती? आमच्याकडं असं चालनारं मानूस दुपारी दारूच्या दुकानाम्होरं सापडतं." कागद परत गेला. दुसऱ्या खेपेला मी स्पेस वाढवल्या, तर आप्पांचा हुद्दा ओळीत मावेना. अर्धा वर राहिला, अर्धा निसटून खालच्या ओळीत त्यांच्या भावकीतल्या एका धाकट्यासमोर जाऊन पडला. परिणामी आप्पांच्या नावापुढे नुसते 'माजी' उरले आणि त्या बिचाऱ्याला विनासायास 'व्हाईस चेअरमन' मिळाले.

आप्पांनी तो कागद बराच वेळ वाचला. "माजी काय?" ते हळू आवाजात म्हणाले. "माजी मानूस?"

दत्तोबा घाईने पुढे झाले. "आप्पा, ह्ये मशीनचं काम हाय. मशीनला काय कळतंय?"

"मशीनला कळत न्हाई, पन छापनाराला कळतंय. हे बघा मास्तर, आता एकच डाव. पुढल्या बाजाराला मी येनार. सरळ दिसली तर छापा. न्हाईतर तिथी ऱ्हाऊ द्या. आता चातुर्मास लागंल, मग दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर बघू म्हणजे काय हे शिरुरातल्या कोंबड्यांनाही कळत होते. पुढे ढकललेल्या तिथीवर लागलेले लग्न आमच्या आळीत कुणी पाहिलेले नव्हते. त्या संध्याकाळी ताई दौंडहून आली, नानांनी तिला सगळे सांगितले, म्हणजे आईने सांगितले आणि नानांनी डोलावले, आणि ताई पहिल्यांदाच जेवायला बसून काही बोलली नाही. गिरणी बंद झालेली होती. रश्श्यात भाकरी कुस्करल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. ताटे उचलताना ती माझ्याजवळ आली.

"तू एवढी शिकलीस ना?" ती म्हणाली. "कालिदास, पाणिनी, काय काय. मग ती मेली नावं एका रांगेत उभी कर. मला दुसरं काही नको तुझ्याकडून."

आता पाणिनीने माणसांची नावे एका रांगेत उभी करण्याबाबत काहीही सांगून ठेवलेले नाही. पण दत्तोबांच्या दुकानात, गणपतीच्या तसबिरीशेजारी, संगणकाबरोबर आलेला एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता. त्याचे प्लॅस्टिक कुणी फाडलेले नव्हते. त्यालाही उदबत्ती मिळत असे. मी परवानगी न विचारता प्लॅस्टिक फाडले. तोंडाने विचारण्यापेक्षा वाचणे मला नेहमीच सोपे गेले आहे, आणि सूत्रग्रंथांची सवय असलेल्या माणसाला यंत्राचे माहितीपुस्तक फार परके वाटत नाही. तेच आखडते बोलणे, तीच पुढच्या प्रकरणावर विसंबण्याची खोड. त्यात मला टॅबस्टॉप सापडला. पडद्याच्या वरच्या कडेला एक पट्टी असते. तिच्यावर हव्या त्या जागी टिचकी मारली की एक खूण उमटते. मग टॅबचे बटण एकदाच दाबायचे. पुढचे अक्षर थेट त्या खुणेवर जाऊन उतरते, एसटी थांब्यावर माणूस उतरावा तसे. मागच्या नावाला किती जागा लागली, ते 'रघू' होते की 'ज्ञानेश्वरबुवा', याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

हे वाचून मला जो आनंद झाला तो पुढे विवाहानेही दिला नाही. मात्र करायला गेले तेव्हा एकट्या नानांचे नाव खुणेवर जाऊन उभे राहिले आणि बाकीचा गोतावळा होता तिथेच. पुस्तकात पुन्हा डोके घातले. ज्या ओळीत आपण असतो तेवढ्याच ओळीला खूण लागते. सगळ्यांना लावायची तर आधी सगळ्या ओळी निवडून घ्याव्या लागतात. ते केले. मग नजरेने खूण सरकवत बसले, तर कधी हुद्दा नावाला चिकटे, कधी कागदाबाहेर पाहू लागे. शेवटी कळले की खुणेवर दोनदा टिचकी मारली की एक चौकट उघडते आणि तिच्यात माप आकड्यांत लिहिता येते. नजर गेली, आकडा आला. पहिला थांबा, दुसरा, तिसरा, आणि हुद्दा ओळीबाहेर सांडू नये म्हणून अक्षर एक घर लहान. आधी घातलेल्या सगळ्या स्पेस मी एकेक करून उपटून काढल्या. दत्तोबा मागे उभे राहून शेतातले तण निघावे तसे पाहत होते. कागद बाहेर आला. त्यांनी तो आडवा धरला, उभा धरला, एक डोळा मिटून पाहिला.

"आयला," ते म्हणाले, आणि लगेच संगणकाकडे बघून कानाला हात लावला.

बाजाराच्या दिवशी आप्पा आले ते एकटे नव्हते. वसंतरावांच्या आई, ज्यांना सगळे जिजी म्हणत, मानाच्या साड्या घ्यायच्या म्हणून बरोबर आल्या होत्या. पदर घट्ट, पाय दुखरे. त्या दत्तोबांच्या स्टुलावर बसल्या आणि बसल्याच. नाना दाराशी, ताई नानांच्या मागे पायरीवर. मी संगणकाच्या मागे, जेवढे मागे जाता येते तेवढे. आप्पांनी कागद घेतला, उजेडात धरला. मग म्हणाले, "पट्टी हाय का?"

दत्तोबांनी खणातून शाळेची प्लॅस्टिकची पट्टी काढून दिली. आप्पांनी ती वरच्या कडेपासून आपल्या नावापर्यंत लावली आणि वाकून आकडा पाहिला. मग पट्टी पालटून नानांच्या नावापर्यंत लावली. त्यांचा चेहरा उजळला.

"ह्ये बघा! हिकडं पाच आन् तिकडं पावनेतेरा! मास्तर, तुमचं नाव पार तळाला गेलंय. उद्या मानसं म्हन्तील, आप्पानं व्याह्याला खाली बसवलं. हा दोष मी का घिऊ?"

नानांनी पट्टीकडे पाहिले. इतकी वर्षे शाळेत काढलेल्या माणसाला काय झाले ते दिसले असलेच पाहिजे, पण त्यांनी डोलावले. दत्तोबांनी गणपतीकडे पाहिले. ताईने माझ्याकडे पाहिले. आणि मला माझा आवाज ऐकू आला. परक्या वडीलधाऱ्या पुरुषाशी बोलताना तो इतका बारीक निघेल अशी मला कल्पना नव्हती.

"आप्पा, पट्टी उलटी झालीय. आधी इंच मोजलेत, आता सेंटिमीटर."

रस्त्यावर भाजीवाल्याचा कर्णा चालू होता. आप्पांनी पट्टीची एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा लावली. पाच आणि पाच. त्यांनी मामांची ओळ मोजली, भावकीची मोजली, हुद्द्यांचा रकाना वरपासून खालपर्यंत मोजला. त्या माणसाच्या चिकाटीबद्दल मला आजही आदर आहे. कुठेही केसभर वाकडे सापडेना. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि टोपी काढून डोके पुसले.

"सरळ हाय," ते म्हणाले. "पन सरळ हाय म्हंजी छापायचीच, असं कुठं लिवलंय? खरं सांगू का मास्तर, माझ्या मेव्हन्याची पोरगी हाय यवतला. बारकी हुती तवापासनं वसंतासाठीच बघितलेली. मी सबूद दिलाय."

तर असे होते. ओळी वाकड्या होत्या तोवर हे बोलायची त्यांना गरजच पडली नव्हती. पायरीवर ताईने दाराची चौकट धरली. नानांनी, प्रथमच, डोलावले नाही.

तेव्हा स्टुलावरून जिजी बोलल्या. "भावजी, मग इतकं दिस हितं कागद कशाला नाचवत हुता? तवाच सांगायचं हुतं. मी तवाच न्हाई म्हनले असते."

"वहिनी, तुमाला कळत न्हाई."

"मला पट्टीतलं कळत न्हाई. पोराचं कळतंय. त्यो ह्या पोरीबिगर दुसऱ्या कुनाला हळद लावून घ्यायचा न्हाई, आन् म्या लावू बी देनार न्हाई." त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, छापा."

आप्पा उभे राहिले. मानभंग झालेल्या माणसाला शेवटी जे सुचते तेच त्यांना सुचले. "मग माझं नाव काढा त्यातनं. आत्ता. माझ्या डोळ्यादेखत. बघू तुमची पत्रिका कशी उभी ऱ्हाती."

मी जिजींकडे पाहिले. त्यांनी 'काढा' अशी मान हलवली. मी आप्पांचे नाव निवडले आणि पुसले, मग हुद्दा पुसला. स्पेसवर उभारलेल्या त्या आधीच्या कागदात असे केले असते तर सारी वरात कोलमडून डावीकडे धावली असती. आता काहीही हलले नाही. नाना आपल्या खुणेवर होते, मामा आपल्या खुणेवर, भावकी आपल्या. फक्त पहिल्या ओळीत डावीकडे एक स्वच्छ पांढरी जागा होती. आप्पा पडद्याकडे पाहत राहिले. त्यांच्यावाचून कुणाचेही काही अडले नाही, हे त्यांनी असे उजेडात कधी पाहिले नसावे. मग त्यांनी टोपी घातली, बाहेर जाऊन चपला शोधल्या आणि स्टँडकडे चालू लागले.

दत्तोबा खाकरले. "बाई, खालची ओळ वर घ्या. भोक दिसतंय."

"नगं," जिजी म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या तशीच. मास्तरांसमोर भेटीला कुनीतरी यायलाच पायजे की. येतील तवा जागा नगं व्हय?"

पत्रिका तशीच छापली गेली, पहिल्या ओळीत रिकामी जागा ठेवून. शिरुरात बहुतेकांनी ती छपाईची चूक धरली आणि दत्तोबांनी कुणाचेही म्हणणे खोडले नाही. आता पत्रिका मोबाइलवर चित्रफितीतून येतात, नावे गुलाबाच्या पाकळ्यांबरोबर वरून खाली पडतात आणि कुणी कुणाच्या समोर आहे हे बघायच्या आत नाहीशी होतात. परवा ताईच्या मुलीच्या लग्नाची अशीच एक चित्रफीत आली तेव्हा ताई ती चारचारदा थांबवून नावांच्या उंची बघत होती. काही आजार घराण्यात असतात.

जिजींनी पत्रिकांचा एक गठ्ठा आप्पांच्या घरी, त्यांच्या बायकोच्या हाती, काही न बोलता ठेवला होता. पुढे काय झाले ते आम्हाला कुणी कळवले नाही. लग्नाच्या दिवशी मी मंडपाच्या दाराशी गुलाबपाणी शिंपडायला उभी होते, कारण त्यात बोलावे लागत नाही. यवतचा मेव्हणा सहकुटुंब आला, मुलीसकट. हातात पत्रिका.

"दाजी सोता घरी येऊन दिऊन गेलं," तो म्हणाला. "न्हाई कसं म्हनायचं?"

मी पत्रिका पाहिली. पहिल्या ओळीतल्या मोकळ्या जागेत आप्पांनी बॉलपेनने, निळ्या शाईत, आपले पूर्ण नाव आणि पूर्ण हुद्दा लिहिला होता. नानांच्या नावाच्या बरोब्बर समोर, मात्र सगळ्या ओळीपेक्षा किंचित वर.